शुद्ध बोलणारे महाराज

माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, नोकरीत असेपर्यंत फार कमी बोलत. खडकीच्या बाजूला एका कारखान्यात ते स्टोअर्स सांभाळायचे. घरी आले की पेपर, मग बातम्या, मग जेवण. ताईला ते 'अगं' म्हणून हाक मारत आणि पुढचं वाक्य बहुतेक वेळा एका शब्दाचं असे. 'मीठ.' 'टॉवेल.' 'किल्ली?' त्या एका शब्दावरून ताई पूर्ण वाक्य तयार करी आणि त्याप्रमाणे उठे. मला ते पाहून चीड यायची. ताईला त्याची सवय झाली होती आणि त्या सवयीलाच ती संसार म्हणायची.

निवृत्तीनंतरच्या पावसाळ्यात त्यांना डेंगी झाला. तापातून उठल्यावर एका गुरुवारी संध्याकाळी, दत्ताची आरती चालू असताना, त्यांच्या हातातलं निरांजन थरथरायला लागलं. ताईने ते काढून घेतलं. भावोजी पाटावर बसले, डोळे मिटले, मान मागे टाकली आणि बोलू लागले. एरवी वर्षभरात जेवढं बोलत नाहीत तेवढं एका दमात बोलले. शेवटी म्हणाले, "आम्ही पुन्हा येऊ," आणि डोळे उघडून पाणी मागितलं.

ताईने मला फोन केला. यांच्या अंगात आलं, असं ती म्हणाली नाही. म्हणाली, "यांच्या मुखातून महाराज बोलले."

आमच्या माहेरी अंगात येणं हा प्रकार हलक्यातला समजत. ते देवीच्या देवळात, केस सोडून, घुमत वगैरे, आपल्याकडे नाही. मुखातून बोलणं मात्र चालतं. प्रकार तोच, फक्त त्याला सोवळं नेसवलेलं असतं.

"कोणते महाराज?" मी विचारलं.

"असं विचारू नये गं."

"पत्ता नको, नुसतं नाव विचारतेय."

तिने फोन ठेवून दिला.

इथे मी पोटासाठी काय करते ते सांगायला हवं. हिंदीतल्या पौराणिक मालिकांचे संवाद मी मराठीत लिहिते. पडद्यावरच्या देवाचे ओठ जेवढा वेळ हलतात तेवढंच मराठी त्यांच्यावर बसवायचं असतं. शब्द कमी पडला की 'निश्चितच' घालायचं, 'अवश्य' घालायचं, आणि तोंड नुसतंच उघडं राहत असेल तर 'हे' घालायचं. हे वत्सा, हे देवी, हे मानवा. मराठी माणूस जन्मात कुणाला 'हे' म्हणून हाक मारत नाही. ही भाषा कोणत्याही काळात, कोणत्याही गावात कुणीही बोललेली नाही. ती माझ्यासारख्यांनी ओठांच्या मापाने शिवलेली आहे. मला तिची लाज वाटते आणि वीजबिल तिच्यावरच भरलं जातं.

पुढच्या गुरुवारी मी शनिवार पेठेतून रिक्षा करून विश्रांतवाडीला गेले. सोफा भिंतीला लावून दिवाणखान्यात सतरंजी घातली होती. सोसायटीतली सात-आठ माणसं बसली होती. भावोजी पांढरा सदरा घालून पाटावर. आरती झाली, मान मागे गेली, आणि महाराज आले.

"हे देवी," भावोजी माझ्या बहिणीला म्हणाले, "तुझी सेवा आम्ही पाहत आहोत. तुझं अंतःकरण निर्मळ आहे. निश्चितच तुझ्या कष्टांचं फळ तुला प्राप्त होईल."

मला हसू आवरेना म्हणून मी स्वयंपाकघरात गेले. भावोजी रोज दुपारी जेवण झाल्यावर टीव्हीसमोर आडवे होत आणि माझ्या मालिका बघत, हे मला ठाऊक होतं. थोड्या वेळाने ताई शिऱ्याचं पातेलं न्यायला आत आली.

"ताई, ही भाषा मी लिहिते," मी म्हटलं. "हे 'निश्चितच' माझं आहे. ते दुपारी ऐकतात आणि गुरुवारी परत म्हणतात. एवढंच आहे हे."

ताई वाट्यांमध्ये शिरा भरत राहिली. मग अगदी शांतपणे म्हणाली, "मग तुझ्याकडूनही महाराजांनीच लिहून घेतलं असेल."

भाविक माणसाशी वाद घालताना हीच अडचण येते. तुम्ही दाखवलेली प्रत्येक फट त्यांच्या लेखी खिडकी असते.

हळूहळू गर्दी वाढली. सोसायटीचे सेक्रेटरी भावोजींच्या उजव्या हाताला बसू लागले. हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. पाण्याच्या टँकरवरून दर मीटिंगमध्ये लोक त्यांना घालून-पाडून बोलत. महाराजांच्या शेजारी बसल्यापासून त्यांचा आवाज खाली आला आणि पाठ ताठ झाली. ते महाराजांच्या वाक्यांचा अर्थ सांगत. महाराज शुद्ध मराठीत बोलत असताना मराठी माणसांना अर्थ सांगण्याची गरज का पडावी, हे मी एकदा विचारलं. सेक्रेटरी म्हणाले, "आपण भाषा ऐकता. आम्ही भाव ऐकतो."

खराडीच्या कुठल्याशा कंपनीतलं एक जोडपं यायला लागलं. त्यांना परदेशी पाठवणार होते की नाही, याची चिंता होती. नवऱ्याने हात जोडून विचारलं, "महाराज, ऑनसाइटचं कन्फर्म होईल का?"

भावोजींनी बराच वेळ घेतला. ऑनसाइट म्हणजे काय ते त्यांना माहीत नव्हतं, महाराजांनाही नसावं. मग म्हणाले, "पश्चिमेचा वारा सुटला आहे, वत्सा. परंतु दार अजून लोटलेलं आहे."

"म्हणजे व्हिसाला वेळ लागेल," सेक्रेटरी म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी शिकलेली माणसं, दिवसभर यंत्रांना नेमक्या आज्ञा लिहिणारी. एक शब्द चुकला तर त्यांचं यंत्र अडून बसतं. आणि इथे येऊन वारा आणि दार यांवर समाधान मानून शिरा खात होती.

महाराजांची सर्वनामंही बघण्यासारखी होती. सेक्रेटरींना ते 'आपण' म्हणत. खराडीच्या जोडप्याला 'तुम्ही' म्हणत. 'वत्सा' हा अपवाद धरायचा. भांडी घासायला येणाऱ्या बाई एकदा ओले हात पदराला पुसत पाया पडायला आल्या, तर त्यांना 'तू'. तेही 'तुझी वेळ आलेली नाही' एवढंच. देवाला सोसायटीतली पायरी बरोबर ठाऊक होती.

वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काही मुली भाड्याने राहत. त्यांतली एक यवतमाळकडची होती. तीही खराडीला नोकरीला जायची, कसल्याशा कस्टमर सपोर्टमध्ये. ती गुरुवारी येई ती महाराजांसाठी नाही, ताईच्या हातच्या पोळ्यांसाठी, आणि हे ती कबूल करी. ताईला ती काकू म्हणायची, मला मावशी. पुण्यात येऊन बोलणं बदलायचा तिने फार प्रयत्न केला होता. "मी आलेच" म्हणायचं असताना घाईत "मी येऊनच राहिली" निघून जाई आणि मग ती जीभ चावी. भावोजी महाराज नसताना एकदा तिला म्हणाले होते, "मराठी नीट बोलावं." त्या दिवशी त्यांनी चक्क तीन शब्द खर्च केले होते. पोरगी बिचारी त्यानंतर त्यांच्यासमोर इंग्रजीत बोलू लागली.

हिवाळ्यात ताईला दम लागायला लागला. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबे आणि भिंतीवरचा सोसायटीचा फलक वाचत असल्याचं दाखवी. डावा खांदा चोळत राही. मी तिला ओढत डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ईसीजीचा कागद काढला, वाचला, आणि म्हणाले, अँजिओग्राफी करून घ्या, पुढे ढकलू नका. ताईने मान डोलावली. घरी येऊन म्हणाली, "गुरुवारी विचारते."

"कुणाला?"

"तुला माहीत आहे कुणाला."

गुरुवारी तिने विचारलं. मी भिंतीला टेकून उभी होते. भावोजींची मान मागे गेली, ओठ हलले, आणि महाराज म्हणाले, "हे देवी, तुझा श्वास आम्ही सांभाळतो आहोत. तू कशाला भितेस? शस्त्राने शरीर कापतात, प्रारब्ध कापत नाहीत."

सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले. सेक्रेटरी म्हणाले, "स्पष्ट आहे. ऑपरेशन नको."

सगळे गेल्यावर मी भावोजींना गाठलं. ते शांतपणे शिरा खात होते.

"भावोजी, तिला काही झालं तर?"

"मी काय केलं?"

"आत्ता तुम्ही तिला दवाखान्यात जाऊ नको म्हणालात."

"मी नाही म्हणालो." त्यांनी चमचा खाली ठेवला. "मला त्यातलं काही आठवत नाही. ते मी नसतोच."

"मग आता तुम्ही आहात ना? आता सांगा तिला, जा म्हणून."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. महाराज बोलून गेल्यावर त्यावर आपण काय बोलणार, असा चेहरा करून वाटी चाटूनपुसून संपवली. मी आयुष्यात पुष्कळ भित्री माणसं पाहिली आहेत. बहुतेक पळून जातात. हा माणूस स्वतःच्याच शरीरात एक दार करून त्यामागे लपला होता.

पुढचे काही आठवडे मी ताईशी भांडले. फोनवर भांडले, समोर भांडले, एकदा तर रिक्षात भांडले आणि रिक्षावाल्याने माझी बाजू घेतली. तिने एकही शब्द मनावर घेतला नाही. तोवर ती भाजी आणायलाही खाली उतरेनाशी झाली होती.

मग तो गुरुवार आला. मी नुसती ताईवर नजर ठेवायला गेले होते. आरती चालू होती. यवतमाळची ती पोरगी ताईच्या शेजारी, टाळ घेऊन बसली होती. भावोजींची मान अजून मागे जायची होती, तेवढ्यात टाळ खाली पडला. मला वाटलं तिला चक्कर आली. ती गुडघ्यांवर उभी राहिली, दोन्ही हात जमिनीला टेकले, आणि खालून, पोटातून, तिचा नसलेला असा आवाज निघाला.

"काहून गोड गोड बोलून राह्यला रे? बाईले दम लागून राह्यला, दिसत नाही काय तुले? इथं बसून तिले मारतं काय?" मग ती ताईकडे वळली. "जाय व माय. दवाखान्यात जाय. इथं राह्यली तर मरशीन."

आरती थांबली. कुणीतरी घाईघाईने पंखा मोठा केला. भावोजींनी एक डोळा उघडला. मी समोरच होते, मला स्पष्ट दिसलं. एकच डोळा, आणि त्यात शेजारी दुसरं तसलंच दुकान उघडल्यावर दुकानदाराच्या डोळ्यांत येतं ते होतं.

"हिला बाहेर न्या," ते म्हणाले. साध्या आवाजात. 'हे' नाही, 'निश्चितच' नाही.

सेक्रेटरी उठून उभे राहिले. "कुणीही घाबरू नका," ते लोकांना म्हणाले. "हे महाराज नव्हेत. महाराज अशी भाषा वापरणार नाहीत. हे काहीतरी बाहेरचं आहे."

खराडीच्या जोडप्यातली बायको कुजबुजली, "व्हिलेजमधलं असेल काहीतरी."

मी नास्तिक बाई. पण त्या क्षणी मला त्या खोलीतल्या प्रत्येकाची विलक्षण किळस आली. त्यांचा देव शुद्ध बोलला तर महाराज, आणि वऱ्हाडी बोलला तर भूत. देवाने म्हणे ही सगळी माणसं निर्माण केली, आणि त्याला बोली मात्र पेठांमधलीच येत होती. म्हणजे खरं तर पेठेतलीही नाही. आमच्या पेठेत कुणी कुणाला 'हे देवी' म्हटलं असतं, तर तिने आधी त्याच्या डोक्याला हात लावून ताप बघितला असता.

कुणी पोरीला दंडाला धरून उठवायला लागलं. ताईने त्यांचा हात बाजूला केला. ती पोरीसमोर बसली, धापा टाकत. जिला ती एरवी 'अगं खा गं' म्हणायची तिला म्हणाली, "तुम्ही सांगता म्हणून जाऊ का? खरंच जाऊ?"

"हाव," पोरगी म्हणाली. "उद्याच जाय." आणि ताईच्या मांडीवर कोसळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. पिशवी भरून तयार होती. रिक्षात मी बोलले असते तर वाईट बोलले असते. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर तपासणीच्या मधूनच बाहेर आले आणि सही मागितली. मोठी रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. त्याच वेळी त्यांनी ती उघडून आत स्टेंट बसवला.

भावोजी मागाहून येऊन बाहेरच्या बाकावर बसले होते. डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं, त्यांनी मान डोलावली. डॉक्टर आत गेल्यावर मी त्यांच्या शेजारी बसले. मला त्यांना टोचायचं होतं आणि मी टोचलं.

"विचारा ना महाराजांना, आत काय चाललंय ते."

त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले होते. नखं बघत म्हणाले, "ते इथे येत नाहीत."

"का?"

"नाही येत."

त्यांचा सदरा काखेत घामाने भिजला होता. मला त्यांची कीव यायला हवी होती, असं नंतर एका मैत्रिणीने सुचवलं. आली नाही.

दोन दिवसांनी ताई उठून बसली, तेव्हा मी तिला विचारलं. "मी इतके दिवस घसा फोडून तेच सांगत होते. तेव्हा का नाही आलीस?"

"तू सांगतेस ते तुझं असतं गं," ती म्हणाली. "तुला माझं कायम काहीतरी चुकलेलंच दिसतं. त्यात एक हेही. ती बोलली ते कुणाचंच नव्हतं."

"ते तिचं होतं, ताई. ती पोरगी डोळ्यांनी बघत होती तुला."

"असेल. पण तिच्या तोंडून आलं, तिच्या मनातून नाही."

मग तिने डोळे मिटले आणि तसंच पडल्या पडल्या म्हणाली, "आणि यांचं म्हणशील, तर मला काही कळत नाही असं समजू नकोस. यांनी मला कधी 'बरी आहेस का' विचारलं नाही. गुरुवारी 'देवी' म्हणायचे. तुझं अंतःकरण निर्मळ आहे म्हणायचे. कुणी का म्हणेना, कानाला ऐकू यायचं ना ते."

मी पाण्याचा ग्लास भरला. ती झोपली होती.

ती पोरगी संध्याकाळी डबा घेऊन आली. मी तिला खाली चहाच्या टपरीवर नेलं आणि सरळ विचारलं, "नाटक होतं का ते? मला सांगायला हरकत नाही. उलट मी तुझं कौतुकच करीन."

तिने कप दोन्ही हातांत धरला होता. "माझ्या आजीच्या अंगात येत होतं, मावशी. मला आधी कधी नाही आलं. काकूंचा हात थंड लागला एवढं आठवते. मग काही नाही."

"आणि जे बोललीस ते?"

"तिथं बसलेल्यांनी नंतर सांगितलं. मी कधीच कोणाला 'अरे' नाही म्हणत, मावशी. काकांना तर नाहीच." तिचे कान लाल झाले. "काका रागावले असतील ना?"

माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. आजही नाही. ती खोटं बोलते असं म्हणायचं नाही. पण कुणीतरी दुसरं येऊन तिच्या तोंडातून बोललं, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. तिने पाहिलं, तिला भीती वाटली, आणि साध्या तोंडाने सांगून त्या खोलीत कुणी ऐकणार नव्हतं. अंगाने स्वतःच रस्ता काढला असेल. हे मी तिला सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाव, असं पण असू शकते." मग म्हणाली, "आजी म्हणायची, देवाला दुसरं तोंडच नाही, तर तो काय करन."

ताई घरी आल्यावर दोन-चार दिवसांत माझ्या फोनवर एक संदेश आला. तो त्या आठवड्यात मला ओळखीच्या निरनिराळ्या माणसांकडून आला, म्हणजे पुण्यात बराच फिरला असणार. वर फुलांचं चित्र. खाली लिहिलं होतं की महाराजांनी आपल्या एका परमभक्त साध्वीच्या व्याधीचं निवारण केलं. महाराजांचे शब्द असे: 'हे साध्वी, विलंब न करता वैद्यांकडे गमन कर. आम्ही त्यांच्या हस्ते तुझा श्वास सांभाळू.'

'जाय व माय' याचं हे झालं होतं. मी सेक्रेटरींना फोन केला.

"हे कुणी म्हटलं?"

"महाराजांनी," ते म्हणाले. "त्या दिवशी जे प्रकट झालं, त्याचा हा भाव आहे. सुरुवातीला आमच्या लक्षात आलं नाही. महाराज मागेच म्हणाले होते, श्वास आम्ही सांभाळतो. म्हणजे डॉक्टरांच्या रूपाने."

"तुम्ही 'बाहेरचं' म्हणाला होतात."

"बाहेरचं म्हणजे बाहेरून आलेलं," ते म्हणाले. "महाराज कुठूनही येऊ शकतात."

"आणि ती मुलगी?"

"कोण मुलगी?"

संदेशात ती नव्हतीच. मी लाज वाटण्यासारखं मराठी रोज लिहिते, पण निदान मूळ वाक्य कुणाचं आहे हे तरी मालिकेच्या शेवटी नामावलीच्या पाटीवर येतं. या माणसाने एका पोरीच्या तोंडची भाषा धुतली, इस्त्री केली आणि तिचं नाव उसवून टाकलं. आणि हे सगळं त्याला प्रामाणिकपणे पुण्यकर्म वाटत होतं. पोरीने महिनाअखेर खोली सोडली. खराडीला ऑफिसच्या जवळ जागा मिळाली म्हणाली. जाताना ताईच्या पाया पडली, भावोजींच्याही. भावोजी म्हणाले, "बरं."

ताई बरी झाल्यावर पुन्हा गुरुवार सुरू झाले. आता तर बाहेरच्या पॅसेजमध्येही माणसं बसत. मी गेले होते, कारण ताईने पहिल्यांदाच मला "ये" म्हटलं होतं. आरती झाली. ताई पुढे खुर्चीवर बसली होती. तिला खाली बसायला मनाई होती. भावोजींची मान मागे गेली.

"हे देवी," महाराज म्हणाले, "तू मृत्यूच्या द्वारातून परत आली आहेस. निश्चितच हा आमच्या कृपेचा..."

"अहो," ताई म्हणाली, "साधं बोला ना."

ती रागाने म्हणाली नाही. भाजी निवडताना म्हणावं तसं म्हणाली. भावोजींचे ओठ अर्धे उघडे राहिले.

"साधं काहीतरी बोला," ताई पुन्हा म्हणाली. "मी ऐकतेय."

भावोजींच्या मिटलेल्या पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे फिरताना दिसत होती. शब्द शोधत असावेत. कपाळावर घाम आला. साध्या मराठीतलं एक वाक्य, बायकोशी बोलायचं, आणि महाराजांकडे ते नव्हतं. भावोजींकडेही नव्हतं.

मग सेक्रेटरींनी हात जोडले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मौन. आज महाराजांचा संदेश मौन हाच आहे."

सगळ्यांनी हात जोडले. पॅसेजमधल्यांपर्यंत निरोप गेला, त्यांनीही जोडले. त्या संध्याकाळी फुलांच्या चित्राखाली तोही संदेश सगळीकडे गेला.

पण मौन काही फार दिवस चालत नाही. पुढच्या गुरुवारी महाराज आले नाहीत, त्याच्या पुढच्याही. लोक शिरा खाऊन घरी जात. मग शिऱ्यालाही येईनासे झाले. धायरीला कुणी एक बाई आहेत म्हणे, त्यांच्याकडे शनिवारी संस्कृतमधून येतं. सेक्रेटरी हल्ली तिकडे बसतात. खराडीचं जोडपंही तिकडेच जातं. संस्कृत कुणालाच कळत नसल्याने तिथे अर्थ सांगणाऱ्याला भरपूर वाव असणार.

गेल्या महिन्यात मी ताईकडे गेले होते. सोफा परत जागेवर आला आहे. ताई आता सकाळी चालायला जाते, जिन्यात थांबत नाही. भावोजी गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. आम्ही दोघी पोळ्या करत होतो.

"बोलतात का काही?" मी विचारलं.

"नाही गं. पूर्वीसारखंच." तिने पोळी उलटली. "मी त्या दिवशी बोलले नसते तर बरं झालं असतं का, असं मनात येतं कधीकधी."

"ताई, तो माणूस तुला मारायला निघाला होता."

"हो. पण बोलत होते ना."

मला त्या वाक्याचा एवढा राग आला की हातातलं लाटणं मी ओट्यावर आपटलं. ताईने ते उचलून माझ्या हातात परत दिलं आणि पीठ जरा घट्ट झालंय म्हणाली. तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला, "चहा." ताईने गॅस मोठा केला. आधण ठेवलं, साखर घातली, कप काढला. मग कपाकडे बघत, आवाज न चढवता, पण गॅलरीत ऐकू जाईल असं म्हणाली, "चहा काय?"

पेपरचं पान उलटल्याचं ऐकू आलं.

"चहा दे," भावोजी म्हणाले.